आवाजाच्या खोलीची डागडुजी

कोल्हापूरच्या माणसाला ‘स्टुडिओ’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती याच गावात. परदेशी कॅमेऱ्यावर विसंबून न राहता त्यांनी तो दामल्यांच्या मदतीने इथेच घडविला आणि ‘सैरंध्री’ काढून दाखविला. पुढे १९२९ साली प्रभात कंपनी इथेच जन्मली, आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट तिने इथूनच दिला. प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारे विष्णुपंत दामले हे पेंटरांच्याच हाताखाली तयार झालेले. हातात पटाशी घेऊन शास्त्र शिकण्याची ही रीत म्हणजे या गावची जुनी कमाई आहे.

आज तोच स्टुडिओ दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसला आहे. एक संगणक, एक मायक्रोफोन, कानाला लावायचे हेडफोन आणि मधली एक लहानशी पेटी, एवढ्यावर काम भागते. भजनी मंडळे, शाहीर, हलगीवाले, पोवाडे बसविणारी पोरे, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाया, या सर्वांचा आवाज आता मुंबईची वाट न धरता घरीच उतरविता येतो. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई या गावात दरबारी मानाने राहिला आणि त्यांच्या गळ्याची तबकडी रसिकांच्या हाती कधी आली नाही. नावाजलेल्या गवयाची ही कथा, तर जात्यावर बसलेल्या म्हातारीच्या ओवीची काय असणार! ती उतरवून घ्यायची साधने आता कामगाराच्या घरात आहेत. पण खोली नीट नसेल तर साधन कितीही चांगले असो, आवाज डब्यातला येतो. आणि खोली चुकीच्या रीतीने ‘नीट’ केली असेल तर तीत बसणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते.

उद्यमनगरच्या अंगाला राहणाऱ्या आमच्या एका टर्नर सभासदाच्या घरची अशी खोली अलीकडे आम्ही चौघांनी मिळून दुरुस्त केली. आधी तिची अवस्था काय होती? भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटविलेले, त्यांवर जागोजाग काळा फोम, खिडकी प्लायवूडने बंद केलेली, दार आत उघडणारे, आणि एका पिनेवर लोंबणारी चार एक्स्टेन्शन बोर्डांची माळ. इतके करूनही शेजारच्या यंत्रशाळेतील ग्राइंडर मुद्रणात स्वच्छ ऐकू येई. हे एकट्या त्या घराचे नव्हे; अशा दहा खोल्या पाहिल्या तर आठांत हेच चित्र दिसते. त्याचे मूळ एका समजुतीत आहे, म्हणून आधी तीच सोडवून घेऊ.

ध्वनीच्या बाबतीत खोलीला दोन कामे करावयाची असतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे, आतला बाहेर जाऊ न देणे, हे एक. आणि आत निघालेला आवाज भिंतींवर आपटत घुमत राहू न देणे, हे दुसरे. पहिल्याला अडविणे म्हणू, दुसऱ्याला शोषणे म्हणू. ही दोन्ही कामे एकाच वस्तूने होतात अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती साफ खोटी आहे. अडवायला वजन लागते. शोषायला सच्छिद्र मऊपणा लागतो. पावसात छत्री एक काम करते आणि टॉवेल दुसरे. टॉवेल डोक्यावर धरून कोणी कोरडा राहत नाही. अंड्यांचा ट्रे तर धड टॉवेलही नव्हे. वजन नसल्याने तो आवाज अडवीत नाही, आणि शोषतो तो फक्त वरच्या पट्टीतला थोडासा. आवाजातला ‘स’काराचा धारदारपणा तेवढा जातो, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि खोली बोदी वाटू लागते.

आता अडविण्याचे पाहू. आवाज मोजण्याच्या डेसिबेल या मापाची खुबी अशी की १० डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते, २० वाढले म्हणजे शंभरपट. कानाला मात्र दर दहाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटेची भिंत सुमारे ४५ डेसिबेल अडविते, नऊ इंची सुमारे ५०. म्हणजे भिंत दुप्पट जाड केली तरी लाभ पाचसहाचाच. म्हणून भिंतीमागे लागण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या भिंती बहुधा पुरेशा असतात. चोर येतो तो फटीतून.

हिशेब करून पाहा. दार सात फूट बाय तीन फूट, म्हणजे २१ चौरस फूट. खाली अर्ध्या इंचाची फट असेल तर तिचे क्षेत्र चौरस फुटाचा आठवा भाग भरते, दाराच्या शेकड्यास सहा दशांशाइतके. पण या फटीतून ध्वनी बिनअडथळा जातो. त्यामुळे दार शिशाचे करा की सागवानाचे, ते बाविसाच्या पुढे अडवू शकणार नाही. आत हलगी १०० डेसिबेलने कडाडली तर भिंतीपलीकडे ५५ पोचतील आणि दारापलीकडे ७८. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शेजारी पाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो, हे आम्ही विसरू शकत नाही.

तेव्हा डागडुजीची सुरुवात दारापासून करावी. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारांना जाड फळी आणि उंच उंबरठा असे. फट बंद करण्याचे काम तो उंबरठाच करी. नव्या घरांत फरशी सलग हवी म्हणून उंबरठा गेला आणि त्याच्यासोबत शांतताही गेली. आम्ही पोकळ फ्लश दार काढून भरीव बसविले, त्यावर बाहेरून पाऊण इंची प्लायवूडचा तक्ता स्क्रूने आवळला, वजन पेलण्यासाठी तिसऱ्याऐवजी चार बिजागऱ्या दिल्या, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी लावली आणि खाली लाकडी उंबरठा बसवून त्यालाही पट्टी दिली. दार लावताना थोडे दाबावे लागते. तसे दाबावे लागले म्हणजे काम बरोबर झाले असे समजावे. वायरींसाठी पाडलेली भोके सिमेंटने बुजविली. एवढ्याने ग्राइंडर पार मागे हटला.

खिडकी विटांनी बुजविण्याचा मोह आवरावा. जुन्या झडपेच्या आत चार इंच अंतर सोडून जाड काचेची दुसरी चौकट बसविली की पुष्कळ भागते, आणि वेळप्रसंगी ती उघडता येते. वर पत्र्याचे छप्पर असेल तर मात्र आषाढातल्या पावसापुढे कोणाचे काही चालत नाही. अशा खोलीने पावसाळ्यात दुरुस्त्या कराव्यात आणि दिवाळीनंतर गाणी घ्यावीत. खोलीत खोली बांधण्याचाही एक मार्ग आहे. तो खर्चिक आहे आणि लहान जागा आणखी लहान करतो. रोज ढोल वाजवायचा नसेल तर त्याच्या वाटेस जाऊ नये. सगळ्यांत स्वस्त भिंत म्हणजे वेळ. १९३१ चा ‘आलम आरा’ मुंबईत काढताना स्टुडिओजवळून आगगाडी जात असे, म्हणून त्याचे पुष्कळसे चित्रण रात्री एक ते चारच्या दरम्यान केले गेले. पहिल्या बोलपटाला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला वाटण्याचे कारण नाही.

शोषण्याच्या शास्त्राचा जन्म मोठा बोधक आहे. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात वक्त्याचे बोलणे कोणाला कळेना. वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. त्याने काय करावे? जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, सभागृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि तिचा नाद कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. सकाळ होण्याच्या आत उशा परत पोचवायच्या. अशा हमालीतून त्याने नियम शोधला की घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. फुटांच्या मापात घनफळाला ०.०४९ ने गुणावे आणि एकंदर शोषक क्षेत्राने भागावे, म्हणजे सेकंद निघतात.

आमच्या खोलीला हा नियम लावून पाहू. लांबी १२, रुंदी १०, उंची १० फूट. घनफळ १,२०० घनफूट. भिंती, छत, फरशी मिळून ६८० चौरस फूट. गुळगुळीत गिलावा आणि फरशी शंभरात तीनच भाग शोषतात, म्हणजे एकूण शोषण सुमारे २० चौरस फूट. भागाकार केला तर रिकामी खोली जवळजवळ तीन सेकंद घुमते असे येते. बोलण्याच्या व गाण्याच्या मुद्रणास ०.४ सेकंद पुरेत. त्यासाठी सुमारे १५० चौरस फूट शोषण हवे. म्हणजे सगळ्या खोलीला अस्तर लावण्याची गरज नाही. पाचवा-चौथा हिस्सा नीट झाकला की पुरे. हा हिशेब कागदावर केला असता तर त्या घरचा निम्मा फोम दुकानातच राहिला असता.

मग काय लावावे? चार इंच जाडीचे रॉकवूल लाकडी चौकटीत भरून त्यावर मांजरपाट ताणलेले तक्ते हे उत्तम. ते भिंतीपासून दोन-चार इंच पुढे टांगावेत. आणि दुसरी वस्तू आपल्या दाराशीच आहे, ती म्हणजे घोंगडे. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, सनगराने हातमागावर विणलेले, जाड आणि खरखरीत. ते दुणून, चुण्या पाडून, भिंतीपासून चार इंच सोडून टांगले तर मधल्या आणि वरच्या पट्टीतला आवाज चांगला शोषते. लोकरीचा आणखी एक गुण असा की ती सहजी पेट घेत नाही. ज्योत लागली तर काजळते आणि बहुधा विझते. ती अजिबात जळत नाही असे मात्र कोणी समजू नये. उसाचे चिपाडही या कामी आले आहे, हे गूळवाल्या गावाला ऐकून बरे वाटेल: अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात गेल्या शतकाच्या विशीत चिपाडाचे मऊ तक्ते करून ते सभागृहांच्या छतांना लावीत.

खालच्या सुरांचे दुखणे वेगळे आहे. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ५७ कंपनांचा सूर जणू पाळण्यात बसल्यासारखा झुलत राहतो. आमच्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहाच असल्याने तोच सूर दोन अंगांनी झुले आणि डग्ग्याची प्रत्येक थाप पिंपात पडल्यासारखी येई. हा सूर सुमारे वीस फूट लांबीच्या लाटेचा. इंचभर फोमला तो ओळखही देत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे फूटभर जाड त्रिकोणी खांब उभे करावे लागतात. नवी खोली निवडायची संधी असेल तर लांबी, रुंदी, उंची सारखी नसलेली निवडावी. गाणाऱ्याला बरोबर मध्यभागी बसवू नये, एवढेही पथ्य बरेच काम करते.

इथवर ध्वनीचे झाले. आता ज्यासाठी हा विषय आम्ही मुळात हाती घेतला त्याकडे येतो. दुकानात ‘साउंडप्रूफ’ म्हणून मिळणारा स्वस्त फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. गादीतला आणि हा जातीने एकच. तो पेटला की मिनिटभरात भिंतभर पसरतो, आणि त्याच्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हे विषही असते. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नृत्यगृहात शोभेच्या दारूची ठिणगी रंगमंचामागच्या अशाच फोमवर पडली. १०० माणसे गेली. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारिया गावी तसेच झाले आणि २४२ गेली, बहुतेक विद्यार्थी. दोन्ही ठिकाणी फोम आवाजासाठी लावलेला होता. नाट्यगृह जळणे म्हणजे काय, हे आम्हां कोल्हापूरकरांना दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ पासून उभे असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. तिथे सुदैवाने त्या वेळी प्रेक्षक नव्हते. घरातल्या खोलीत माणूस असतो. दार बंद, कानावर हेडफोन, बाहेरची हाक ऐकू येणार नाही अशीच सारी व्यवस्था.

म्हणून आमच्या खोलीतला सर्व फोम आणि अंड्यांचे सारे ट्रे पहिल्याच दिवशी बाहेर काढले. पुठ्ठ्याच्या लगद्याचा ट्रे म्हणजे चुलीचा सरपण. फोम ठेवायचाच असेल तर आग न धरणाऱ्या जातीचा असल्याचे प्रमाणपत्र मागावे, आणि नुसत्या तोंडी शब्दावर जाऊ नये. दार बाहेर उघडणारे करून घेतले. त्याला आतून कडी ठेवली नाही, ढकलले की उघडते. दाराशी धुराची सूचना देणारे लहान यंत्र आणि एक अग्निशामक नळकांडे टांगले. उदबत्तीचे घर बाहेर. यावर घरच्या माउलीने थोडी कुरकुर केली, पण गाण्याआधी सरस्वतीची पूजा ओसरीवर करायला तिची हरकत राहिली नाही.

खोली जितकी मुकी, तितकी ती हवाबंद. दोन माणसे दोन तास बसली तर सुमारे ८० लिटर कर्बवायू सोडतात. आमच्या खोलीत तो साचला तर हवेत त्याचे प्रमाण हजारात पावणेतीन भागांवर जाते. बाहेर ते अर्ध्याहून कमी असते. हजारात एकाच्या पुढे डोके जड होऊ लागते. गाणारा म्हणतो, आज गळा लागत नाही. वस्तुतः आज हवा लागत नसते. हवा आणायची पण आवाज नको, ही युक्ती मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्ये प्रत्येकाने पाहिलेली आहे. प्लायवूडची पेटी करून तिच्यात आडव्या पडद्यांनी दोन-तीन वळणे द्यावीत आणि आतून रॉकवूल व कापडाचे अस्तर लावावे. हवा वळणे घेत येते. आवाज प्रत्येक वळणावर झिजतो. अशा दोन पेट्या, एक खाली आत येणारी आणि एक वर बाहेर जाणारी. बाहेरच्या पेटीच्या टोकाला हळू फिरणारा पंखा.

विजेचे काम मात्र स्वतः करू नये, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मुद्रणात ‘हुंऽऽ’ असा जो गुंजारव येतो तो सेकंदाला ५० फेऱ्यांच्या विजेचा. दोन उपकरणे दोन निरनिराळ्या बोर्डांवरून चालविली की अर्थिंगच्या तारांचा फास तयार होतो आणि त्यातून हा येतो. तो घालविण्यासाठी प्लगची तिसरी, जाडी पिन कापून टाकण्याचा एक उपाय पोरे एकमेकांना सांगतात. गुंजारव जातो, हे खरे. पण उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला उरते ती वाट मायक्रोफोन धरलेल्या हातातून. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत, मुख्य तारेवर ३० मिलिअँपियरला तुटणारा संरक्षक स्विच बसवावा, आणि तिसऱ्या पिनेला हात लावू नये.

शेवटी हात आणि फुप्फुसे. रॉकवूल कापताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकावर चांगली पट्टी हवी. त्याहून गंभीर गोष्ट छताची. आपल्याकडचे पुष्कळसे जुने ‘सिमेंटचे पत्रे’ ॲस्बेस्टॉसचे आहेत. ते डोक्यावर स्वस्थ पडून असतात तोवर त्यांचा उपद्रव फारसा नसतो. पण त्यांना ड्रिल मारले, करवत लावली की न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात कायमचे रुततात. रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान चाळीस वर्षे ठेवण्याचा हुकूम दिला, तो याच कारणाने. छताला काही टांगायचे असेल तर पत्र्याला भोक न पाडता भिंतीपासून भिंतीपर्यंत वासा टाकावा आणि त्याला टांगावे. मजुरीवर माणूस लावला असेल तर ही गोष्ट त्याला आधी सांगणे हे घरमालकाचे काम. ‘त्याला ठाऊक असेल’ म्हणून गप्प बसू नये.

कानांचेही तसेच. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबेलची हद्द आहे, आणि फोर्जच्या हातोड्याखाली उमेदीतच बहिरे झालेले सोबती आम्ही पाहिले आहेत. हेडफोनमधून तेवढाच आवाज सहज येतो, तोही कानाला चिकटून. बाजूच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू येईल इतकाच तो ठेवावा.

काम संपले की टाळी वाजवून पाहावी. कोरडी, एकटी टाळी आली तर शोषण जमले. शेपटी झणझणली तर समोरासमोरच्या कोणत्या दोन भिंती उघड्या राहिल्या आहेत ते शोधून एका भिंतीवर घोंगडे टांगावे. मग सर्व यंत्रे चालू ठेवून, कोणीही न बोलता, रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज मुद्रित करावा: पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री दहानंतर. आम्ही आठवडाभर अशी वही ठेवली. तीत दिसले की शेजारची पाण्याची मोटर सकाळी सहा ते पावणेसात चालते, यंत्रशाळा साडेसहाला थांबते, आणि रात्री आठ ते दहा ही वेळ सर्वांत निवांत. वहीचे ते पान आता दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेले आहे, आणि भजनी मंडळाला वेळ देताना आमचा टर्नर ते पाहूनच देतो.